हस्तांतर

२०२३ सालच्या दसऱ्यास आमच्या अंगणातील तुळशीवृंदावनाच्या उजव्या हाताची जागा प्रथमच रिकामी राहिली. त्यापूर्वीचे एकेचाळीस दसरे त्या जागी एक काळी बुलेट उभी असे. सकाळी तिला धुऊनपुसून, हँडलास झेंडूची माळ घालून, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवून आम्ही तिची यथासांग पूजा करीत असू आणि मग तिच्यावरच बसून देवळाकडे जात असू. त्या वर्षी सवयीने माळ गुंफून झाल्यावर सौभाग्यवतींनी विचारले, "ही आता कोणाला घालायची?" आम्ही काही न बोलता ती माळ दाराच्या चौकटीस बांधली.

देवळे, कीर्तने, दशावतार आणि जुनी घराणी यांविषयी वाचावयाची सवय असलेल्या वाचकांपुढे एका मोटारसायकलीची कथा मांडताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. परंतु आम्हांस जे सांगावयाचे आहे ते वस्तुतः यंत्राविषयी नाही. आपण ज्यावर जीव लावतो त्याचा मालक बदलला म्हणजे आपले काय होते, आणि आपण त्या वेळी जे बोलतो त्यातले किती खरे असते, एवढाच आमचा प्रश्न आहे. तो प्रश्न आम्हांस बुलेटने घातला, एवढेच.

ही गाडी आम्ही १९८२ साली बेळगावास घेतली. विकणारे गृहस्थ पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार होते. आम्ही त्या वेळी फोंड्याजवळच्या एका शाळेत शिक्षक होतो आणि आयुष्यातील पहिली शिल्लक खिशात घेऊन गेलो होतो. सुभेदारांनी पैसे मोजून घेतले, नोंदणीचे पुस्तक आमच्या हाती दिले आणि मग अर्धा तास केवळ गाडी सुरू कशी करावी हे शिकविले. ज्यांनी जुनी बुलेट कधी चालविली नाही त्यांस हे विचित्र वाटेल. त्या गाडीस बटण नव्हते. तिच्या टाकीपुढे ॲमीटरचे एक लहानसे घड्याळ असे. किक सावकाश दाबीत जावे, काटा मध्यावर येऊन थांबला की डाव्या हाताखालची लहान कळ ओढून नळकांड्यातला दाब सोडावा, दट्ट्या किंचित पुढे सरकवावा, कळ सोडावी आणि मग अंगाचे सारे वजन टाकून एकच किक मारावी. हे न करता जो घाई करी त्याच्या पोटरीस गाडी आपला जाब देई. "मास्तर," सुभेदार म्हणाले, "हिला लाथ मारू नका, विनंती करा."

आम्ही विनंती करावयास शिकलो. अनमोड घाटाने ती गाडी फोंड्यास आणताना जो ठोका कानी पडला तो पुढे चाळीस वर्षे आमच्या घराची वेळ सांगत असे. शाळा सुटून आम्ही वळणावर आलो की चुलीवर चहाचे आधण चढे. त्या ठोक्यात जादू काही नव्हती. ७० मिलिमीटर रुंदीच्या नळकांड्यात ९० मिलिमीटर धावणारा एकच दट्ट्या, जड गतिचक्र आणि संथ फेरे, एवढ्यानेच तो नाद निर्माण होई. नळकांडे बीडाचे, गियरची पेटी इंजिनापासून वेगळी, गियर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. सगळ्या जगाच्या उलट! परंतु ज्याची सवय लागते त्यालाच माणूस नियम म्हणू लागतो, आणि उलटे चालते ते बाकीचे जग, असे आम्हांस वाटू लागले.

हळूहळू आमच्यासारखे आणखी सहा जण भेटले. एक वकील, एक औषधविक्रेते, एक पोस्टातले, एक बागायतदार, दोघे सख्खे भाऊ. तिस्कावरच्या एका मेस्त्रींचे गॅरेज हा आमचा मठ झाला. रविवारी सकाळी तेथे जमावयाचे, मेस्त्रींच्या हाताखाली टॅपेट ठीक करून घ्यावयाचे, आणि मग कधी लोंड्यापर्यंत, कधी खानापूरपर्यंत जाऊन यावयाचे. मेस्त्रींस लिहितावाचता बेताचेच येत असे. परंतु डोळे मिटून गाडीचा आवाज ऐकत आणि कोणत्या भागास काय दुखते ते सांगत. आमच्यापैकी कोणीही त्यांस नावाने हाक मारीत नसे. वकीलसाहेबसुद्धा त्यांस "मेस्त्री" असेच आदराने म्हणत.

या मठात १९९० साली बातमी आली की, मद्रासच्या एनफील्ड इंडिया कंपनीचे २६ टक्के भाग उत्तरेकडील आयशर समूहाने घेतले. चार वर्षांनी, १९९४ साली, सारी कंपनीच त्या समूहाकडे गेली आणि तिचे नाव रॉयल एनफील्ड मोटर्स झाले. आयशर म्हणजे ट्रॅक्टर करणारे लोक. १९५९ साली त्यांचा पहिला ट्रॅक्टर फरीदाबादेस तयार झाला होता, हे सर्वश्रुत होते. बस्स! आमच्या गॅरेजात सुतक पडल्यासारखे झाले. बागायतदार म्हणाले, "आता बुलेटला नांगर जोडतील." औषधविक्रेत्यांनी भाकीत केले की, पाच वर्षांत ही गाडी प्लास्टिकची होईल. थोरल्या भावांनी तर प्रतिज्ञाच केली की, नव्या मालकाच्या हातची गाडी आपण जन्मात घेणार नाही. आणि ती प्रतिज्ञा आम्ही सर्वांनी मान डोलावून आपलीशी केली. मद्रासचे लोक कसे साधे, कसे जुन्या वळणाचे, त्यांनी गाडीस कसा हात लावला नाही, याविषयी आम्ही तास तास बोललो. आमच्यापैकी एकानेही मद्रासचा कारखाना पाहिलेला नव्हता.

मेस्त्री खाली बसून क्लचच्या तबकड्या घाशीत होते. ते मान वर न करता म्हणाले, "भट बदल्लो म्हूण घांट वेगळी वाजता?"

आम्ही हसलो, परंतु वकीलसाहेबांनी उलट प्रश्न केला की, नव्या भटाने घंटाच बदलली तर? त्यावर मेस्त्री काही बोलले नाहीत.

त्यानंतर आम्ही जे केले ते आज सांगताना हसू येते. आम्ही सुटे भाग साठवू लागलो. दट्ट्याच्या कड्या, काँटॅक्ट पॉइंट, क्लचच्या तबकड्या, दाब सोडणाऱ्या कळीच्या तारा, रबराची वायसरे. बेळगावास जाणारा प्रत्येकजण सर्वांसाठी आणी. आमच्या घरी वडिलांची एक लोखंडी पेटी होती, तिच्यात पूर्वी पोथ्या असत. पोथ्या कपाटात गेल्या आणि पेटीत तेलकट कागदात गुंडाळलेले भाग आले. दुष्काळाच्या भीतीने धान्य पुरून ठेवावे तसे आम्ही लोखंड पुरून ठेवीत होतो. सौभाग्यवतींनी एकदा विचारले, "कंपनी बुडणार आहे की काय?" आम्ही गंभीरपणे उत्तरलो, "बुडाली असती तर बरे होते. ती विकली गेली आहे." या वाक्याचा अर्थ त्या वेळी आम्हांस फार खोल वाटला होता.

वास्तविक कंपनी बुडण्याच्याच बेतात होती. २००० सालच्या सुमारास या कारखान्यातून महिन्याला जेमतेम दोन हजार गाड्या विकल्या जात होत्या. आयशरच्या संचालकांपुढे हा व्यवसाय बंद करावा की विकून टाकावा असाच प्रश्न होता. त्या वेळी मालक घराण्यातील सिद्धार्थ लाल या सव्वीस वर्षांच्या तरुणाने आणखी अवधी मागून घेतला आणि कारभार हाती घेतला. आम्हांस यातले काहीही ठाऊक नव्हते. आम्हांस इतकेच दिसत होते की, नव्या गाड्यांत गियर उजवीकडून डावीकडे जात आहे, बटणाने सुरू होणाऱ्या गाड्या येत आहेत, आणि अॅल्युमिनियमच्या इंजिनाची भाषा ऐकू येत आहे. आम्ही पेटून उठलो. वकीलसाहेबांनी एक निवेदन तयार केले. भाषा मोठी भारदस्त होती. परंपरा, निष्ठा, अस्मिता हे सर्व शब्द त्यात योग्य जागी होते, आणि शेवटी मागणी अशी होती की, गियर उजव्या बाजूसच ठेवण्यात यावा. आम्ही सातांनी सह्या केल्या. आठवी सही मेस्त्रींची असावी असे ठरून कागद त्यांच्यापुढे धरला.

मेस्त्रींनी हात पुसले, कागद आमच्याकडूनच वाचून घेतला आणि शांतपणे विचारले, "तुमच्यांतल्या कितल्या जाणांनी नवी गाडी घेतल्या?"

कोणी घेतली नव्हती. आमच्या सातांपैकी एकानेही, प्रतिज्ञेपूर्वी किंवा नंतर, त्या कारखान्यास एक रुपयाही दिलेला नव्हता. सर्वांच्या गाड्या दुसऱ्याच्या हातच्या. काही तिसऱ्याच्या. आम्ही स्वतःस त्या नावाचे एकनिष्ठ उपासक म्हणवीत होतो आणि त्या नावाचा संसार कसा चालतो याची आम्हांस कधी आठवणही झाली नव्हती. प्रेम करणारे पुष्कळ आणि गिऱ्हाईक कोणी नाही, अशा स्थितीत कोणतीही गोष्ट किती दिवस जगते हे या मासिकाच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. नाटकमंडळी बंद पडली म्हणून हळहळणारे, पण तिकीट काढून कधी न गेलेले. मराठी शाळेस कुलूप लागले म्हणून लेख लिहिणारे, पण आपली मुले दुसरीकडे घालणारे. आपण सर्वांनी हे पाहिले आहे आणि बहुतेकांनी केलेही आहे. ते निवेदन टपालात पडले नाही. बरीच वर्षे ते त्या लोखंडी पेटीत, क्लचच्या तबकड्यांखाली होते.

त्या दिवसापासून आम्ही या गाडीची कुळकथा वाचू लागलो, आणि जो धक्का बसला तो मेस्त्रींच्या प्रश्नाहून मोठा होता. आम्ही ज्यास मूळ म्हणत होतो ते मूळ नव्हतेच. ही गाडी इंग्लंडातील रेडिच गावची. तेथील एनफील्ड कंपनीने १९०१ साली पहिली मोटारसायकल केली. बंदुकीसारखी घडण, हे तिचे ब्रीद होते. कारण कंपनीचे नावच एनफील्ड येथील सरकारी शस्त्रागारावरून आले. बुलेट हे नाव १९३२ सालापासून चालत आले. स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्यास सीमेवरील पहाऱ्यासाठी दणकट वाहन हवे होते, म्हणून ती हिंदुस्थानात आली. १९५५ साली मद्रास मोटर्सबरोबर भागी होऊन एनफील्ड इंडिया निघाली. आरंभी मद्रासेस नुसती जुळणी होई. पुढे इंग्लंडातील साचे आणि हत्यारे येथे आली आणि १९६२ पर्यंत सर्व भाग येथेच होऊ लागले. इकडे असे होत असता तिकडे १९६७ साली रेडिचचा कारखाना बंद पडला आणि १९७० मध्ये इंग्लंडातील उत्पादनच संपले. मग १९७७ पासून मद्रासची बुलेट जहाजात बसून इंग्लंडास जाऊ लागली.

म्हणजे आमच्या मद्रासचे जे जुने वळण, जो साधेपणा, तो स्वतःच एक हस्तांतर होता. रेडिचच्या एखाद्या कारागिराने, ज्याच्या बापानेही त्याच कारखान्यात कानस चालविली असेल, १९६७ साली दाराला कुलूप लागताना काय म्हटले असेल? आपली गाडी आता समुद्रापलीकडे कोणी परके लोक करतात, हे त्याला कसे वाटले असेल? आम्ही त्या परक्यांपैकी होतो. आमच्या हाती ती आली तेव्हा आम्ही त्याला योग म्हटले. आमच्या ओळखीच्या हातांतून ती गेली तेव्हा अनर्थ म्हटले. हा न्याय मोठा सोयीचा आहे.

आणि घरातच पुरावा होता! नोंदणीच्या पुस्तकात आमचे नाव तिसरे होते. पहिले खानापूरच्या एका डॉक्टरांचे, दुसरे सुभेदारांचे, तिसरे आमचे. डॉक्टरांनी ती विकली तेव्हा त्यांच्याही डोळ्यांत पाणी आले असेल. आम्ही ते नाव कित्येकदा वाचले होते. परंतु त्या नावाच्या जागी माणूस असेल हे मनात आले नव्हते.

आमच्या अंत्रुज महालात राहणाऱ्यास तर हे फार आधी कळावयास हवे होते. देवाची तुलना यंत्राशी करण्याचा प्रमाद आम्ही करणार नाही. तथापि मनुष्याचे मन दोन्हीकडे एकच असते. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. जुनी जागा गेली, जुने छत गेले, मूर्ती रात्रीच्या अंधारात नदीपार न्याव्या लागल्या. ज्यांनी त्या नेल्या त्यांचे दुःख आपण कल्पनेनेच जाणावे. पण त्यांनी हट्ट धरला असता की, त्याच गावी, त्याच छताखाली असेल तरच ते आमचे दैवत, तर आज आपण कोणत्या पायऱ्या चढलो असतो? काय सोडावयाचे आणि काय सोडावयाचे नाही, हे त्यांस ठाऊक होते. आम्हांस मात्र गियर कोणत्या बाजूस असावा यापलीकडे काही दिसत नव्हते.

याचा अर्थ काहीच हरवले नाही असा नव्हे. तसे म्हणणे म्हणजे दुसरे टोक गाठणे होईल. धुराविषयीचे नियम कडक होत गेले, जुन्या इंजिनास ते पाळणे जमेना, आणि २०१० साली बीडाचे ते इंजिन कायमचे बंद झाले. नव्या इंजिनात गियरची पेटी आणि इंजिन एकाच कवचात आले. तेल गळेना, पोटरीस मार बसेना, आणि ठोकाही पूर्वीचा राहिला नाही. तो नाद गेला तो गेला. वकीलसाहेबांची शंका खरी ठरली. सोळा वर्षांनी का होईना, घंटा बदलली. आम्ही हे मेस्त्रींस बोलून दाखविले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले की, तडा गेलेली घंटा कोणी टांगून ठेवीत नाही, ती पुन्हा ओततात. नाद थोडा फरकाने येतो, पण देऊळ मुके राहत नाही. मेस्त्रींच्या डोळ्यांत त्या वेळी जे होते त्यावरून आम्ही समजलो की, हे ते आम्हांस नव्हे, स्वतःस सांगत आहेत. बीडाच्या इंजिनावर त्यांचा हात बसलेला होता. नव्या गाडीस लागणारी हत्यारे त्यांच्या मुलाने आणली.

आणखी एक गंमत. ज्या ट्रॅक्टरवाल्यांच्या नावाने आम्ही बोटे मोडली त्यांनी २००५ साली ट्रॅक्टरचा धंदाच विकून टाकला, तोही चेन्नईच्याच एका कंपनीस, आणि बुलेट ठेवली! समूहाचे बहुतेक व्यवसाय विकून त्यांनी ट्रक आणि मोटारसायकल एवढ्यांवर लक्ष धरले. २०१३ साली चेन्नईजवळ ओरगडम येथे नवा कारखाना उभा राहिला. जेथे महिन्याला दोन हजार गाड्या खपत नव्हत्या तेथे २०२४-२५ या एका वर्षात दहा लाखांवर खपल्या. टाकीवरच्या सोनेरी रेघा हाताने ओढणारे कारागीरही त्यांनी ठेवले. बागायतदार आज हयात नाहीत. असते तर नांगराचे वाक्य त्यांनी हसत मागे घेतले असते, अशी आमची खात्री आहे.

आमच्या कन्येने २०१६ साली नोकरीच्या पैशातून नवी गाडी घेतली. आम्ही पूजेस उभे राहिलो, परंतु महिनाभर त्या गाडीवर बसलो नाही. तिने आग्रह केला नाही. नोव्हेंबरात वागातोरास बुलेटवाल्यांचा जो मोठा मेळा भरतो, त्याला तेव्हा रायडर मेनिया म्हणत, तेथे ती निघाली तेव्हा एवढेच म्हणाली, "बाबा, तुमच्या गाडीने या. मी मागे राहीन." आम्ही गेलो. देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुले आली होती. आमच्या गाडीभोवती वीस-पंचवीस जमली. कोणी ॲमीटरला हात लावी, कोणी किक मारून दाखवा म्हणे. आम्ही उत्साहाने १९९४ साली काय घडले ते सांगू लागलो. ती मुले आदराने ऐकत होती; पण आमच्या ध्यानात आले की, मालक बदलला होता हेच त्यांस ठाऊक नव्हते. त्यांतील पुष्कळांचा जन्मच त्यानंतरचा. त्यांच्या दृष्टीने हेच मालक अनादी होते, जसे आमच्या दृष्टीने मद्रासचे. आमची सारी निष्ठा आणि सारा संताप म्हणजे आम्ही कोणत्या वर्षी त्या वाटेवर आलो याचा केवळ हिशेब होता! परततांना आम्ही कन्येस म्हटले, "जरा तुझी गाडी दे." डाव्या पायाने दोनदा ब्रेक समजून गियर दाबला. ती मागून हसत होती. पण रस्ता तोच होता, वारा तोच होता.

मालकापुढे प्रेमिकांचे काहीच मोल नाही, असेही आम्हांस म्हणावयाचे नाही. म्हैसूरचा जावा-येझदीचा कारखाना १९९६ साली बंद पडला. त्यानंतर बावीस वर्षे त्या गाडीस मालक असून नसल्यासारखाच होता. तरी लोकांनी आपापल्या गाड्या जिवंत ठेवल्या आणि दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी एकत्र येण्याचा नेम धरला. २०१८ साली ते नाव पुन्हा बाजारात आले ते कोणीतरी ते विसरू दिले नव्हते म्हणून. बी.एस.ए. हे इंग्लंडातील जुने नाव २०१६ साली, आणि नॉर्टन २०२० साली, आपल्या देशातील कंपन्यांकडे आले. आता तेथील म्हाताऱ्या स्वारांच्या बैठकीत आपल्या लोकांविषयी काय बोलणे चालत असेल ते आम्ही बरोबर ओळखू शकतो. त्यांच्याविषयी आम्हांस राग येत नाही. कारखाना मालक चालवितो, नाव मात्र माणसे चालवितात. आणि पालखीचे दांडे जसे दोन्ही बाजूंनी उचलावे लागतात तसेच हे आहे. ज्याच्या खांद्यावर दांडा आहे त्याने पालखी आपली म्हणू नये, आणि काठावर उभे राहून नुसते खांदेकऱ्यांस नावे ठेवणाऱ्यानेही म्हणू नये.

हे सर्व कळले, तरी आमची स्वतःची परीक्षा बाकी होती. २०२३ च्या पावसाळ्यात उजव्या गुडघ्याने पूर्ण नकार दिला. डॉक्टर म्हणाले, किक बंद. गाडी दोन महिने उभी राहिली. टाकीवर बुरशी येऊ लागली. मेस्त्रींच्या मुलाने सांगितले की, बेळगावचा एक तरुण जुनी बुलेट शोधीत आहे. तो आला. वय असेल अठ्ठावीस. आम्ही रात्री बसून अटींची यादी केली होती: रंग बदलू नये, सायलेन्सर बदलू नये, बटण बसवू नये, गियर आहे तेथेच ठेवावा, सहा महिन्यांनी एकदा आणून दाखवावी. यादी खिशात होती. बारा अटी झाल्या होत्या.

तो गाडीजवळ गेला. लगेच हात लावला नाही. चपला काढल्या, का ते त्यालाच ठाऊक, आणि मग वाकून इंजिनावरचा क्रमांक पाहिला. आम्हांस १९८२ ची ती दुपार आठवली. सुभेदारांनी आम्हांस एकही अट घातली नव्हती. पलटणीतला तो माणूस, ज्याने आयुष्यभर हुकूम दिले, गाडी देताना मात्र एवढेच म्हणाला होता की, विनंती करा. त्यांच्याही मनात अटी असतील. त्या त्यांनी गिळल्या म्हणूनच ती गाडी आमची होऊ शकली. आम्ही तिच्यावर काळा रंग दिला तो त्यांच्या वेळी हिरवा होता, हेही तेव्हा आठवले. हिरवा रंग खरवडून काढताना आम्हांस त्यांची आठवण एकदाही झाली नव्हती.

आम्ही यादी खिशातच राहू दिली. एकोणतीस आणि तीस क्रमांकांच्या अर्जांवर सह्या केल्या, दुसऱ्या राज्यात न्यावयाची म्हणून ना-हरकत दाखल्याचे कागद केले, आणि लोखंडी पेटी उघडून सारे सुटे भाग त्याच्या पिशवीत भरले. तळाशी ते निवेदन सापडले. त्यावर सात सह्या, त्यांपैकी तिघे आता नाहीत. ते मात्र आम्ही ठेवून घेतले. पेटी धुऊन उन्हात वाळविली आणि पोथ्या पुन्हा तिच्यात ठेवल्या.

निघताना तरुणाने विचारले, "काका, काही सांगायचं आहे?"

आम्ही म्हटले, "किक मारण्यापूर्वी ॲमीटरचा काटा पाहा. मध्यावर आला की थांबा. घाई करू नका."

त्याने तसेच केले. पहिल्या किकला गाडी सुरू झाली. वळणापर्यंत ठोका ऐकू आला, पुढे आला नाही. सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "चहा ठेवू का?" एकेचाळीस वर्षांची सवय, ठोका वळणावर ऐकला की आधण ठेवावयाचे. या वेळी तो येत नव्हता, जात होता, एवढाच फरक. आम्ही म्हटले, "ठेवा."